फुकटाची किंमत

"फुकट मिळाले की माणसाला किंमत राहत नाही." शिक्षकाच्या नोकरीत हे वाक्य मी किती वेळा म्हटले असेन, देव जाणे. शाळेच्या पुस्तकपेढीतून गरीब मुलांना पुस्तके देतानासुद्धा दोन रुपये घ्यावेत, हा माझाच आग्रह. हेच वाक्य एके काळी आफ्रिकेतल्या कित्येक देशांचे आरोग्यधोरण होऊन बसले होते, हे निवृत्तीनंतरच्या वाचनात कळले आणि जरा खजील झालो.

१९७८ साली आल्मा-आता येथे '२००० सालापर्यंत सर्वांसाठी आरोग्य' अशी घोषणा झाली. पुढच्या दहा वर्षांत आफ्रिकेतले बरेच देश कर्जात बुडाले आणि दवाखान्यांत औषधे येईनाशी झाली. १९८७ मध्ये जागतिक बँकेने सुचवले की सरकारी दवाखान्यांनी रुग्णांकडून पैसे घ्यावेत. त्याच वर्षी मालीच्या राजधानीत, बामाकोला, आफ्रिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी औषधे विकून त्या पैशांतून पुन्हा औषधे आणण्याची योजना उचलून धरली. विचार वाईट नव्हता हो. कपाट रिकामे असलेल्या फुकट दवाखान्यापेक्षा चार पैसे घेऊन गोळी देणारा दवाखाना बरा, हे कुणालाही पटेल.

केनियाने डिसेंबर १९८९ मध्ये शुल्क लावले. नैरोबीत गुप्तरोगांवर उपचार करणारा एक सरकारी दवाखाना होता, तिथल्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. शुल्काच्या नऊ महिन्यांत येणाऱ्या पुरुषांची संख्या पूर्वीच्या ४० टक्क्यांवर आली, स्त्रियांची ६५ टक्क्यांवर. रोग कमी झाला म्हणावे, तर एड्स तेव्हा तिथे पसरत होता, आणि असे रोग अंगावर काढले की एड्सची लागण अधिकच सोपी होते. १९९० मध्ये शुल्क थांबवले. बायका परत आल्या, पूर्वीपेक्षाही २२ टक्के जास्त. पुरुष मात्र ६४ टक्क्यांपर्यंतच.

केनियातलाच पुढचा एक प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. गरोदर बायकांना औषध लावलेल्या मच्छरदाण्या काही ठिकाणी फुकट दिल्या, काही ठिकाणी किंमत लावून. किंमत शून्यावरून ६० सेंट केली, तर मच्छरदाणी घेणाऱ्यांचे प्रमाण साठ टक्क्यांच्या अंकांनी घसरले. आणि फुकट नेलेल्या बायका? विकत घेणाऱ्यांइतक्याच त्या मच्छरदाणी वापरत होत्या! माझे वाक्य तिथे साफ पडले.

पण नुसते शुल्क काढले म्हणजे झाले, असेही नाही. युगांडाने २००१ मध्ये ते काढले, गरिबांची गर्दी वाढली. पण औषधे संपू लागली, ती बाहेरून घ्यावी लागली, आणि गरिबांच्या घरचा भारी खर्च काही कमी झाला नाही.

आपल्याकडे १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचे पैसे बंद झाले. एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी मात्र आहेच.

असो. त्या दोन रुपयांपायी पुस्तक न घेता किती मुले परत गेली, याची नोंद आमच्या शाळेत कुणी ठेवली नव्हती. मीही नाही.