कल्याणचं बंदर आणि मामाचं लेथ मशीन

गेल्या रविवारी डोंबिवलीला मामाकडे गेलो होतो. चहा झाल्यावर पेपर पुढे सरकवत तो म्हणाला, "घे, आणखी एक मुक्त व्यापार करार!" मामाने हे शब्द पहिल्यांदा ऐकले ते २००४ साली. तेव्हा ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये लेथवर बेअरिंगच्या रिंगांचं त्याचं जॉबवर्क चालायचं.

तशी ही गोष्ट आपल्याकडे जुनीच म्हणा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदर येतं. आधी ते रीतसर खुलं होतं. मग सत्ता बदलली आणि तिथे लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणारे कल्याणचे व्यापारी श्रीमंत खरे, पण बंदर उघडायचं की मिटायचं, हे त्यांना कोण विचारणार?

वागळे इस्टेटचं उलटं. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, तिची ही पहिली वसाहत. परदेशी मालावर भरमसाट आयात शुल्क, त्या आडोशाला ती वाढली. १९९१ नंतर आडोसा हळूहळू कमी झाला. मग ९ ऑक्टोबर २००३ ला थायलंडशी करार झाला. ८२ वस्तूंवरचं शुल्क १ सप्टेंबर २००४ ला निम्मं आणि २००६ पर्यंत शून्य. त्या यादीत बेअरिंग होती. सहीपासून पहिल्या कपातीपर्यंत जेमतेम अकरा महिने!

मामाच्या ऑर्डरी आटल्या. सगळा दोष थायलंडचा नव्हता. जागेचे भाव चढले होते, मशीनही जुनं झालं होतं. शिवाय त्याच यादीमुळे एसी स्वस्त झाले, हे मामीही कबूल करते.

२०२४ साली स्वित्झर्लंड, नॉर्वे वगैरे चार देशांशी झालेल्या करारात १५ वर्षांत १०० अब्ज डॉलर गुंतवणुकीचं उद्दिष्ट घातलंय. म्हणजे नुसतं दार उघडून भागत नाही, एवढं आपण शिकलो. पण छोट्या गाळेवाल्याला नवं मशीन घ्यायला कर्ज आणि वेळ कोण देणार, हा प्रश्न उरतोच.

मामा म्हणाला, "बाहेरचा माल आला याचा राग नाही रे. येतोय हे आम्हाला त्याच्या ऑर्डरी बंद झाल्यावर कळलं."

असो. त्याचं लेथ भंगारात गेलं, पण व्हर्नियर अजून टीव्हीखालच्या खणात आहे.