अध्ययन अक्षमता : महाविद्यालयाची तयारी दहावीपासूनच

‘तारे जमीं पर’ हा चित्रपट २००७ साली झळकला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोहोचला. मात्र त्या चित्रपटातला मुलगा शाळकरी होता. असाच मुलगा महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर येतो, तेव्हा पालकांपुढे वेगळेच प्रश्न उभे राहतात. शाळेत वर्गशिक्षिकेला त्याची अडचण ठाऊक असते. महाविद्यालयात ती ज्याची त्याला सांगावी लागते आणि कागदोपत्री सिद्धही करावी लागते.

वाचनातील अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, लेखनातील डिसग्राफिया आणि आकडेमोडीतील डिसकॅल्क्युलिया. बुद्धिमत्तेशी यांचा संबंध नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत अध्ययन अक्षमतेचा समावेश केला. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान ५ टक्के जागा राखीव असून वयोमर्यादेत ५ वर्षांची सवलत आहे. त्यासाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के असावे लागते.

प्रमाणपत्र कोणते?

शाळेच्या परीक्षेसाठी मिळालेले प्रमाणपत्र प्रवेशाच्या वेळी पुरेसे ठरेलच असे नाही. त्यावर टक्केवारी आहे का, मुदत उलटली आहे का, हे आधी पाहावे. यूडीआयडी कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा लागतो. मुंबईत शीव, केईएम आणि नायर या पालिका रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. चाचण्या एका भेटीत संपत नाहीत. त्यामुळे निकालानंतर धावपळ करण्यापेक्षा अकरावीतच सुरुवात केलेली बरी.

विषय निवडताना

दहावीत गणिताऐवजी पर्याय घेतल्यास तात्पुरता दिलासा मिळतो. पण ज्या अभ्यासक्रमांच्या पात्रतेत गणित आहे, त्यांची वाट बंद होते. म्हणून सवलत घेण्यापूर्वी मुलाला पुढे काय करायचे आहे, याचा विचार व्हावा. स्वतःच्या गतीने शिकू इच्छिणाऱ्यांना बारावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, तर पदवीसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हे पर्याय आहेत.

परीक्षेतील हक्क

केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी पात्र विद्यार्थ्याला तासाला किमान २० मिनिटे वाढीव वेळ आणि गरजेनुसार लेखनिक देण्याची तरतूद केली. दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केले. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये लेखनात अडचण असलेल्या अशा उमेदवारांसाठी स्वतंत्र सूचना निघाल्या.

तरीही हक्क कागदावरच राहू शकतो. २०२१ च्या ‘नीट’ परीक्षेत डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला वाढीव वेळ मिळाला नाही. तिच्यावर अन्याय झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये मान्य केले आणि नुकसानभरपाईचा मार्ग काढण्याचे निर्देश परीक्षा यंत्रणेला दिले. फेरपरीक्षेची मागणी मात्र मान्य झाली नाही. म्हणूनच अर्ज भरतानाच सवलतीचा रकाना भरावा, मूळ प्रमाणपत्र व संबंधित सूचनांची प्रत परीक्षा केंद्रावर जवळ ठेवावी.

प्रवेशानंतर पहिल्याच महिन्यात प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. हा अर्ज पालकांनी नव्हे, तर विद्यार्थ्याने स्वतः नेऊन द्यावा. आपली अडचण न संकोचता सांगता येणे, हीदेखील महाविद्यालयाची पूर्वतयारीच होय.