फायलींचं साम्राज्य

हिटलरच्या राजवटीला ‘तिसरं राइश’ म्हणतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. मग पहिलं कुठलं? तर पवित्र रोमन साम्राज्य. ९६२ मध्ये पहिल्या ओटोचा राज्याभिषेक झाला तिथपासून १८०६ पर्यंत ते टिकलं. बी.ए.ला आमच्या पुस्तकात त्याला जेमतेम अर्धं पान होतं. व्हॉल्टेअरने तर त्याच्या नावातल्या तिन्ही शब्दांची टर उडवली. शेवटी शेवटी तीनशेच्या आसपास संस्थानं, आणि सम्राटाकडे ना स्वतःचं धड सैन्य, ना धड तिजोरी!

पण मी पडलो सरकारी कारकून. माझी नजर गेली ती त्याच्या फायलींकडे.

तोवर सरदारांनी रीतसर कळवून एकमेकांवर चालून जाणं तिथे चालत असे. १४९५ मध्ये वोर्म्सच्या सभेने ते कायमचं बंद केलं. मग भांडण न्यायचं कुठे? म्हणून साम्राज्याचं न्यायालय स्थापन झालं. पुढे ते श्पायर शहरात होतं. १६८९ मध्ये फ्रेंचांनी ते शहर जाळल्यावर वेट्झलारला हललं. न्यायाधीशांचे पगार संस्थानांच्या वर्गणीतून व्हायचे. वर्गणी थकायची, जागा रिकाम्या राहायच्या, खटले पिढ्यान्‌पिढ्या रखडायचे. वाचताना अगदी ओळखीचं वाटलं! १७७२ मध्ये तरुण गटे इथे उमेदवारीला आला होता, पण त्याचं मन कोर्टापेक्षा प्रेमात जास्त रमलं.

तरीही एक गोष्ट मोठी. वेठ वाढवली, रान बळकावलं म्हणून साधे गावकरीसुद्धा आपल्या जमीनदारावर इथे दावा लावू शकत. निकाल उशिरा लागे. पण कोयता उचलण्याआधी अर्ज करायला एक जागा होती.

६ ऑगस्ट १८०६ रोजी नेपोलियनच्या दबावाखाली दुसऱ्या फ्रान्सिसने मुकुट उतरवला. साम्राज्य गेलं, फायली उरल्या. सुमारे ७५ ते ८० हजार फायली आज निरनिराळ्या अभिलेखागारांत आहेत, आणि त्यांतून इतिहासकारांना त्या गावकऱ्यांचं जगणं सापडतं. आजच्या जर्मनीत १६ राज्यं आहेत, आणि घटनेचं न्यायालय राजधानी बर्लिनला नसून कार्ल्सरूहला आहे. त्याला पुढच्या काळातलीही कारणं आहेत. पण सत्ता एका जागी न ठेवण्याची सवय त्या मातीत जुनीच.

उशिराचं समर्थन मी करणार नाही. ज्याची फाईल अडते, त्याचं आयुष्य अडतं. पण हे वाचल्यापासून कुणाचाही अर्ज घेताना तारखेचा शिक्का मी जरा जपून मारतो.