आजीबाईचा बटवा नेमका कोणाचा?

सर्दीला हळदीचे दूध, खोकल्याला आल्याचा रस आणि मध, पोट बिघडले तर ओवा, जुलाब थांबेनात तर कुड्याची साल. ही औषधे आपल्या वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात आहेत. अलीकडे त्यांच्यासोबत मोबाईलवर एक वाक्यही फिरत असते : हे सारे ज्ञान आपल्या ऋषिमुनींनी हजारो वर्षांपूर्वी दिले. ते पुढे पाठवणाऱ्यांत आपली मुलेही असतात. ज्यांना हा दावा खटकतो, त्यांच्यातले काही दुसऱ्या टोकाला जातात. त्यांच्या लेखी झाडपाला म्हणजे थोतांड आणि काढा पिणारा म्हणजे मनुवादी.

वरवर या भूमिका एकमेकींच्या विरोधात दिसतात. पण दोघींनी एक गोष्ट न तपासताच मान्य केलेली आहे, ती म्हणजे औषधांचे ज्ञान ब्राह्मणी परंपरेतून आले. इतिहास तसे सांगत नाही. आणि इतिहास आपल्या बाजूचा आहे म्हणून प्रत्येक काढा गुणकारी ठरतो, असेही नाही. हे दोन प्रश्न वेगळे ठेवूनच पुढे जाऊ.

वैद्याचे अन्न विटाळलेले

जी परंपरा आज वैद्यकाचा अभिमान मिरवते, तिचे ग्रंथ वैद्याबद्दल काय म्हणतात ते आधी पाहा. तैत्तिरीय संहितेत अश्विनीकुमार या देवांच्या वैद्यांची कथा आहे. देव त्यांना अशुद्ध ठरवतात. कारण काय, तर ते माणसांत वावरतात, औषधोपचार करतात. त्यावरून निष्कर्ष काढला आहे की ब्राह्मणाने वैद्यकी करू नये. मनुस्मृती याच वाटेने पुढे जाते. श्राद्धाच्या पंगतीतून टाळायच्या माणसांत तिने वैद्याला बसवले. वैद्याच्या घरचे अन्न तिने पुवासारखे ठरवले. आणि चिकित्सेचा व्यवसाय तिने नेमून दिला तो अंबष्ठांना, म्हणजे तिच्याच हिशेबाने ब्राह्मण बाप आणि वैश्य आई यांच्या संततीला.

यामागचे कारण समजायला अवघड नाही. वैद्य रोग्याची जात बघत बसला तर त्याचे काम होत नाही. त्याला रक्त, पू, मलमूत्र, प्रेत यांना हात लावावा लागतो. शुद्धाशुद्धतेवर उभ्या असलेल्या व्यवस्थेला असा माणूस उपयोगाचा असतो, पण पंगतीत नको असतो. हे गणित आपल्या समाजाला कोणी नव्याने समजावून सांगायला नको.

उकिरड्यावर टाकलेले मूल

आता श्रमण परंपरेकडे वळू. पाली विनयपिटकाच्या महावग्गात जीवकाची हकिकत आहे. राजगृहातील सालवती या गणिकेचे हे मूल जन्मताच सुपात घालून उकिरड्यावर टाकले गेले. अभय राजकुमाराने ते उचलून वाढवले. मोठा होऊन जीवक तक्षशिलेला गेला आणि सात वर्षे वैद्यक शिकला. शेवटी गुरूने त्याला सांगितले, तक्षशिलेभोवती एक योजन फिर आणि जी औषधी नाही अशी वनस्पती घेऊन ये. तो रिकाम्या हाताने परतला आणि उत्तीर्ण झाला. हाच जीवक पुढे बिंबिसार राजाचा, तथागतांचा आणि भिक्खुसंघाचा वैद्य झाला. ही कथा अक्षरशः घडली का, हा वेगळा वाद आहे. पण कुलगोत्र नसलेल्या मुलाला सर्वश्रेष्ठ वैद्य म्हणून मिरवण्यात या परंपरेला कमीपणा वाटला नाही, हे महत्त्वाचे.

त्याच महावग्गात एक संपूर्ण खंड औषधांवर आहे. भिक्खूंना कोणती औषधे जवळ ठेवता येतील, याची ती यादी आहे. मुळांमध्ये हळद, आले, वेखंड, कुटकी, वाळा, नागरमोथा. पानांमध्ये कडुनिंब, कुडा, पडवळ, तुळस. फळांमध्ये वावडिंग, पिंपळी, मिरी, हिरडा, बेहडा, आवळा. शिवाय हिंग आणि सैंधवासह मिठाचे प्रकार. ही यादी वाचताना आपण आजीच्या फडताळासमोर उभे आहोत असे वाटते. केनेथ झिस्क या अभ्यासकाने १९९१ च्या आपल्या ग्रंथात मांडले आहे, की प्राचीन भारतातील अनुभवाधिष्ठित वैद्यक श्रमण परंपरांत वाढले आणि बौद्ध विहारांत त्याला व्यवस्थित रूप मिळाले. या मांडणीवर मतभेद आहेत, पण ती यादी तर समोरच आहे.

लसणाचे उदाहरण घ्या. मनुस्मृतीने द्विजांना लसूण निषिद्ध ठरवला. विनयातही भिक्खूंना लसूण खायला एरवी मनाई आहे. मात्र सारिपुत्तांच्या पोटात वाताचा त्रास झाला आणि पूर्वी हा त्रास लसणाने थांबत असे असे त्यांनी सांगितले, तेव्हा आजारपणात लसणाची परवानगी मिळाली. माणसाच्या दुखण्यापुढे नियम वाकला. १८९० मध्ये मध्य आशियातील कुचा येथे सापडलेल्या बॉवर हस्तलिखितात तर लसणाच्या औषधी गुणांवर एक स्वतंत्र भागच आहे. ते हस्तलिखित एका बौद्ध स्तूपाच्या अवशेषांत मिळाले होते.

औषधांहून मोठी गोष्ट शुश्रूषेची. एक भिक्खू हगवणीने आपल्याच मलमूत्रात पडला होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदासोबत त्याला स्वतः धुतले, उचलून खाटेवर ठेवले आणि रोग्याची सेवा ही माझीच सेवा समजा, असे संघाला बजावले. चांगल्या शुश्रूषकाचे जे गुण विनयात सांगितले आहेत, त्यांत मळ, थुंकी आणि वांतीची किळस न बाळगणे हा एक आहे. एका परंपरेत हे हात लावणे विटाळ ठरले, दुसऱ्या परंपरेत तो गुण ठरला. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. किळस न बाळगणाऱ्या त्या परंपरेतच मी सावित्रीबाईंना पाहतो.

ओळख गुराख्याची, पोथी पंडिताची

तरीही सगळा आयुर्वेद बौद्धांचाच, असा उलटा दावा मला करायचा नाही. चरकसंहितेत देव, गाय आणि ब्राह्मण यांना मान देण्याचा उपदेशही आहे. पण तीच संहिता एक फार मोलाची कबुली देते. वनस्पतींची नावे आणि रूपे कोणाला माहीत असतात? गुराख्यांना, मेंढपाळांना आणि रानात राहणाऱ्यांना. सुश्रुतसंहितेतही शिकारी आणि वनवासी लोकांकडून वनस्पती ओळखून घ्यायला सांगितले आहे. म्हणजे ज्ञानाचा पहिला झरा कुठला, हे या ग्रंथांना ठाऊक होते. आता सुश्रुतातले विद्यार्थ्याच्या प्रवेशाचे नियम बघा. उपनयन करून शिकवायचे ते तीन वर्णांच्या मुलांना. काहींच्या मते गुणी, कुलवान शूद्रालाही शिकवावे, पण उपनयन आणि मंत्र वगळून. रानातले झाड ज्याने दाखवले त्याच्या मुलासाठी शाळेचे दार एवढेच किलकिले. त्याच्याही खालच्यांचा तर प्रश्नच आला नाही.

हा प्रकार पुढेही चालू राहिला. कोचीच्या डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडने केरळच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ काढला, १६७८ ते १६९३ या काळात. त्यामागे तीन कोंकणी ब्राह्मण पंडितांची नावे आहेत आणि इट्टी अच्युतन या इळवा वैद्याचेही नाव आहे. इळवा म्हणजे त्या काळी केरळात अस्पृश्यता भोगणारी जात. पुढे याच समाजात नारायण गुरू जन्मले. अच्युतनच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान होते आणि त्याने ते तोंडी सांगून लिहवून दिले. युरोपच्या पुस्तकात त्याचे नाव छापले गेले, देशात मात्र शतकानुशतके त्याची कोणी आठवण ठेवली नाही.

आपल्या पुण्याजवळचे उदाहरण तर याहून बोलके आहे. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र आणि एक चित्र छापून आले. इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी टिपूच्या कैदेत सापडला होता आणि त्याचे नाक कापले गेले होते. पुण्याजवळच्या एका माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. ते वर्णन वाचून लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाने १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि जगात प्लास्टिक सर्जरीचा आधुनिक अध्याय सुरू झाला. ते नाक बसवणारा कोण होता? पत्रात त्याची जात आहे, विटा करणाऱ्यांची. त्याचे नाव नाही. सुश्रुताचा पुतळा आपण पाहतो, पण हे कसब अठराव्या शतकापर्यंत ज्याच्या हातांनी जिवंत ठेवले तो निनावी राहिला.

असेच आपल्या सुइणींचे. कित्येक गावांत बाळंतपण करायला महार-मांगांच्या बायका जात. वाड्यातल्या बाळाची नाळ त्यांनी कापायची आणि पुन्हा त्याच वाड्याच्या उंबऱ्याबाहेर उभे राहायचे. त्यांच्या हातातले कसब कोणत्याही संहितेत लिहिले गेले नाही.

सुरी खाली का पडली?

प्रेत उघडून शरीर कसे शिकावे, हे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. मग १८३६ मध्ये कलकत्त्यात मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले तेव्हा ती केवढी क्रांती का ठरली? आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी भारतीय रसायनशास्त्राच्या इतिहासात याचे उत्तर दिले आहे. प्रेताचा स्पर्श विटाळ ठरला, हाताने करायची कामे खालच्या जातींकडे ढकलली गेली, डोके आणि हात यांची ताटातूट झाली आणि विज्ञान वाळून गेले. राय हे जगन्मान्य रसायनशास्त्रज्ञ होते. ज्यांनी सुरी धरली त्यांना पोथी मिळाली नाही आणि ज्यांच्याकडे पोथी होती त्यांनी सुरीला हात लावला नाही. जात ही श्रम करणाऱ्या माणसांनाच तोडते, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. वैद्यकाच्या ऱ्हासात ते उघड्या डोळ्यांनी दिसते.

ही ताटातूट आजच्या कायद्यातही आहे. १९९५ मध्ये हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ते आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करवले. ही लढाई योग्यच होती. पण देशातल्या देशात काय चालले आहे? २००२ च्या जैवविविधता कायद्यात स्थानिक समाजांना लाभाचा वाटा देण्याचे तत्त्व आले. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना त्या वाट्यातून सूट दिली. ज्या गुराख्याने आणि आदिवासीने चरकाच्या काळी झाड दाखवले, त्याचे ज्ञान पोथीत शिरताच त्याचे राहिले नाही. आंबेडकरी चळवळीने या प्रश्नावर आदिवासी संघटनांसोबत उभे राहायला हवे.

वारसा सांगा, पण तपासूनच प्या

आता दुसरा प्रश्न. हे ज्ञान आपल्या हातांनी घडवले, म्हणून ते खरे आहे का?

विनयपिटकात औषध म्हणून मूत्राचाही उल्लेख आहे. गोमूत्रावर आपण हसतो तेव्हा विरोधक हे दाखवू शकतात, म्हणून आपणच ते उघड बोलावे. भिक्खूसाठी ते फेकलेल्या चिंध्यांच्या चीवरासारखे होते, कोणाकडे मागावे न लागणारे. पंचगव्याने पाप धुण्याचा विधी ही निराळीच गोष्ट आहे. पण हा फरक सांगूनही एक मुद्दा उरतो. विनयात आहे म्हणून मूत्र औषध ठरत नाही. ग्रंथात आहे, परंपरेने आले आहे, गुरूने सांगितले आहे, एवढ्यावर काहीही मानू नका, हे कालामांना सांगणाऱ्या तथागतांचे आपण अनुयायी आहोत. ती कसोटी आपल्या ग्रंथांनाही लावावी लागते.

कसोटी कशी लावतात याचा धडा मुंबईतच आहे. सर्पगंधा ही जुनी वनौषधी. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर वापरून, मोजमाप ठेवून १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. तिचा गुण जगाने मानला आणि तिचे दुष्परिणामही पुढे नोंदले गेले. झाडपाला औषध होतो तो असा.

वस्तीत काम करताना दिसते, की साध्या सर्दीला हळदीचे दूध घेतल्याने कोणाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते औषधाची वेळ काढ्यात गेल्यावर. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा, तपासणी आणि क्षयाची औषधे मोफत आहेत. मधुमेहाच्या गोळ्या कोणा बाबाच्या चूर्णासाठी बंद करू नका. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने बंदी आहे. साप चावला तर थेट रुग्णालय गाठा. दवाखान्याऐवजी मंत्रतंत्र करणे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. स्वतः बाबासाहेब मधुमेहाने आजारी होते आणि मुंबईत डॉ. मालवणकरांचे उपचार घेत होते.

आणि ‘घरगुती उपाय करा’ हा सल्ला गरिबालाच सर्वांत जास्त का मिळतो, हेही विचारा. प्राथमिक आरोग्य केंद्राला कुलूप असले की परंपरेचा गौरव फार सोयीचा होतो. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्या चिकित्सेची सोय केल्याचे आणि औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे नेऊन लावल्याचे कोरून ठेवले आहे. औषध ही राज्याची जबाबदारी आहे, हा त्याचा अर्थ. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. पुढे ते मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला अडारकरांची नेमणूक झाली, त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. हा अशोकाच्याच विचाराचा धागा आहे.

म्हणून बटवा आपला आहे हे ठणकावून सांगा. सुइणीचे, वीटवाल्याचे, इट्टी अच्युतनचे नाव घ्या. घरातल्या म्हाताऱ्या बायांना कोणते झाड कशाला वापरत ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा, त्यांच्या नावासकट. आणि तीच वही बाजूला ठेवून, आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर का नाही, याचा अर्ज लिहायला बसा.

जय भीम!