नावाचे राखणदार

मराठी लेखकाला टोपणनावाची हौस फार जुनी. कृष्णाजी केशव दामले केशवसुत झाले. राम गणेश गडकरी कवितेपुरते गोविंदाग्रज आणि विनोदापुरते बाळकराम झाले. त्र्यंबक बापूजी ठोमरे बालकवी झाले आणि विष्णु वामन शिरवाडकर कुसुमाग्रज झाले. पण ही नावे म्हणजे सणासुदीला घालायचे भरजरी अंगरखे. आत कोण आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असायचे, आणि ते ठाऊक असण्यातच त्यांची शोभा होती.

आज मला ज्या नावांविषयी लिहायचे आहे, ती निराळ्या जातीची आहेत. ती हौसेने घेतलेली नाहीत, गरजेपोटी घेतलेली आहेत. बोलणे तर भाग आहे, पण बोलणारा मी हे कळले तर माझी धडगत नाही, अशा पेचात सापडलेल्या माणसाने घेतलेला तो आडोसा असतो. असा पेच आजही माणसावर येतो. पण आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि घराघरांत इंटरनेट आहे. मग असा आडोसा कुठे शिल्लक उरला आहे का, असे तरुण मंडळी विचारतात. इतिहासाच्या नादी लागलेल्या माणसाला असा प्रश्न केला की तो पुढे पाहण्याआधी मागे वळून पाहतो. खोड म्हणा हवी तर! वाचकांनीही माझ्याबरोबर घटकाभर मागे यावे, अशी विनंती आहे.

मागे पाहू जाता पहिली गोष्ट दिसते ती अशी, की आपल्या पूर्वजांना ओळख लपवणे फारसे कठीण नव्हते; कठीण होते ते ओळख पटवणे. १७ ऑगस्ट १६६६ रोजी शिवाजीमहाराज आग्र्याहून निसटले. औरंगजेबाची फौज, चौक्या, पहारे, घोडेस्वार, कशाचीही वाण नव्हती. पण हुकूम सुटला तरी वाटेवरच्या चौकीदाराने ओळखायचे कोणाला? महाराजांचा चेहरा त्याने कधी पाहिलेला नव्हता. एवढ्या मोठ्या मुलखातून एक माणूस वेष पालटून निघून गेला आणि राजगडास पोहोचला. महाराजांच्या धैर्याला आणि युक्तीला तोड नाही हे खरेच. परंतु माणूस गर्दीत नाहीसा होऊ शकत होता, हेही त्या काळाचे एक देणे होते.

या नाण्याची दुसरी बाजू पुण्याने शंभर वर्षांनी पाहिली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी सौभाग्यलेणे उतरवले नाही, आणि भाऊ जिवंत असतील ही आशा लोकांच्याही मनातून जाईना. त्या आशेवर एक तोतया उभा राहिला. मीच भाऊ, असे तो सांगू लागला. त्याची चौकशी झाली, त्याला रत्नागिरीस कैदेत ठेवले. पुढे १७७६ साली तो सुटला, त्याच्याभोवती माणसे जमली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, आणि शेवटी पुण्यात त्याचा वध झाला तेव्हा ते बंड शमले. न. चिं. केळकरांचे ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच प्रकरणावर आहे. विचार करा, पुण्यातल्या किती माणसांनी भाऊंना जवळून पाहिले असेल! तरीही हा माणूस भाऊ नव्हे, हे सर्वांच्या गळी उतरवायला इतकी वर्षे लागली. पुराव्याला काय होते? ज्याने पाहिले त्याची आठवण, आणि ज्याने ऐकले त्याचा विश्वास.

इंग्रजी अमलातही बराच काळ हीच रड होती. १८५७ नंतर नानासाहेब पेशवे नाहीसे झाले. त्यानंतर सतरा वर्षांनी, १८७४ मध्ये, जयाजीराव शिंद्यांनी ग्वाल्हेरीस एक माणूस पकडून नानासाहेब म्हणून इंग्रजांच्या हवाली केला. पडताळणी झाली आणि हा नाना नव्हेच, असे निष्पन्न झाले.

हा पेच एका अधिकाऱ्याने बंगालमध्ये आपल्या परीने सोडवायला घेतला होता. १८५८ साली जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानाचा करार एका स्थानिक कंत्राटदाराशी केला. हा गृहस्थ उद्या सही नाकबूल करील, अशी धास्ती वाटून त्याने कागदाच्या पाठीवर त्याच्या आख्ख्या पंजाचा ठसा घेतला. आपल्याकडे अंगठा उठवण्याची चाल जुनीच. पण हर्शेल वर्षानुवर्षे ठसे जमवत राहिला, आणि बोटांवरच्या रेघा वयाबरोबर बदलत नाहीत असे त्याला आढळून आले. फ्रान्सिस गाल्टनने १८९२ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला. १८९७ साली कलकत्त्यास ठशांची स्वतंत्र कचेरी निघाली. हजारो ठशांतून हवा तो ठसा झटकन हुडकण्याची जी पद्धत पुढे एडवर्ड हेन्री या अधिकाऱ्याच्या नावाने जगभर गेली, तिच्यामागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा हिंदी माणसांची मेहनत होती. त्या पद्धतीलाच त्यांची नावे मिळाली नाहीत, हा योगायोग मोठा गमतीचा आणि तितकाच कडू आहे.

जंगीपूरच्या त्या पंजानंतर १५२ वर्षांनी, २९ सप्टेंबर २०१० रोजी, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात पहिले आधार क्रमांक वाटले गेले. दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांचे चित्र आणि बारा आकड्यांचा क्रमांक. ज्याच्याजवळ ना दाखला ना उतारा, त्या गरिबाला ‘मी तोच’ असे सांगता येणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि ते मी मुळीच हिणवीत नाही. मात्र ज्या किल्लीने ओळख पटते, तिनेच ओळख उघडीही पडते. भाऊंच्या तोतयाला आज एका दिवसात घरी पाठवता येईल. आग्र्याहून निघालेल्या प्रवाशाचे काय होईल, याचा विचार वाचकांनीच करावा.

एवढ्यावरून कोणी म्हणेल, की निनावीपण हे जुन्या काळाचे लेणे होते आणि यंत्र आल्यावर ते गेले. मला तसे वाटत नाही. छापखाने आले, टपाल आले, पोलीस आले, तरी आपल्याकडे निनावी माणसे लिहितच राहिली. ती कशाच्या बळावर, हे पाहण्यासारखे आहे.

१८४८ साली भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ या सहीने पत्रे येऊ लागली. जातिभेद, विधवांचे हाल, भटभिक्षुकांचे अज्ञान यांवर त्यांत असे कोरडे ओढलेले असत की पुण्याच्या सनातनी मंडळींच्या अंगाचा तिळपापड व्हावा. लिहिणारे होते गोपाळ हरि देशमुख. पंचविशीतले आणि सरकारी नोकरीतले. ही ‘शतपत्रे’ छापताना संपादकाच्या हाती हस्तलिखित होते, लेखकाची ओळख त्याच्या मुठीत होती. त्याने मूठ झाकलेली ठेवली.

१८९७ साली ‘केसरी’त ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता आली. खाली कवीचे नाव नव्हते, भवानी तलवारीची निशाणी एवढीच खूण होती. त्या कवितेवरून आणि त्याच अंकातल्या मजकुरावरून राजद्रोहाचा खटला उभा राहिला. अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली ती संपादकाला, म्हणजे टिळकांना. १८६७ च्या छापखान्याच्या कायद्यानेही छापील कागदावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव मागितले होते, लेखकाचे नव्हे. कोणीतरी उघडा उभा राही, म्हणून दुसऱ्याला आडोशाला राहता येई.

तिसरे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, मिळवत्या, वय वाढत चाललेल्या अविवाहित मुलींच्या मनातले त्यात असे काही सांगितले होते, की महाराष्ट्रात एकच गहजब झाला. ही बाई कोण? बाई की बुवा? शोध सुरू झाले, तर्क लढले. ती होती बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. मुलींच्या शिक्षणाच्या क्षेत्रात काम करणारी. ते नाव त्या गदारोळात फुटले असते तर त्या तरुण शिक्षिकेवर काय प्रसंग गुदरला असता, हे सांगायला नको. प्रकाशक ह. वि. मोटे यांना नाव अर्थातच ठाऊक होते. ते त्यांनी सांगितले नाही. आणि म्हणून शेकडो घरांतल्या मुलींना आपले दुःख आयुष्यात प्रथमच छापलेले वाचायला मिळाले.

या तिन्ही गोष्टींचे सार मला असे दिसते. निनावी राहणे म्हणजे आपले नाव कोणालाच ठाऊक नसणे, अशी आपली समजूत असते. तसे क्वचितच घडले आहे. संपादकाला, प्रकाशकाला, जुळाऱ्याला, टपालवाल्याला, शेजारणीला, कोणाला तरी ते ठाऊक असतेच. निनावीपण टिकते ते त्या जाणत्या माणसाच्या मिटलेल्या ओठांवर. त्याला मी नावाचा राखणदार म्हणतो. राखणदार बेपर्वा निघाला की यंत्राची गरजच पडत नाही. सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याने २००२ साली राष्ट्रीय महामार्गाच्या कामातल्या गैरप्रकारांविषयी थेट पंतप्रधानांच्या कार्यालयाला पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवा, अशी विनंती केली. पत्र नावासकट या मेजावरून त्या मेजावर फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया शहरात त्याचा खून झाला. न्यायालयाने पुढे तिघांना लुटीतल्या खुनाबद्दल दोषी धरले. पत्राशी त्या खुनाचा संबंध होता की नाही यावर पुष्कळ वाद झाला. पण जे नाव राखायचे होते ते राखले गेले नाही, याबद्दल वाद नाही. ते फुटले ते साध्या कागदाच्या फायलीतून.

मग इंटरनेटने नवे असे काय केले? माझ्या मते त्याने राखणदार बदलला. पूर्वी तो माणूस होता, आता ती वही आहे. वहीला भीड नाही, शरम नाही, आणि विसरणे तर मुळीच नाही. ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकेतील एओएल या कंपनीने आपल्या साडेसहा लाखांवर ग्राहकांनी तीन महिन्यांत संगणकावर काय काय शोधले, त्याची यादी अभ्यासकांसाठी खुली केली. नावे काढून त्या जागी आकडे घातले होते. थोड्याच दिवसांत ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे बातमीदार त्यांतल्या एका आकड्याचा माग काढीत एका वयस्क बाईंच्या दारात उभे राहिले. गावाचे नाव, आडनावाची माणसे, दुखणीखुपणी, कुत्र्याच्या खोडी. बाईंनी जे जे विचारले होते त्यानेच त्यांचा पत्ता सांगितला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा लाख लोकांच्या मोबाइल फोनच्या पंधरा महिन्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. माणूस कोणत्या वेळी कोठे होता, अशा अवघ्या चार नोंदी शंभरातल्या पंचाण्णवांना गर्दीतून वेगळे काढायला पुरल्या. सकाळी घर, दुपारी कचेरी, सायंकाळी देऊळ आणि रात्री बहिणीचे घर. झाली तुमची सही!

आणि तरीही माणसाची जीभ मागे पडली आहे असे नाही. त्याच २०१३ साली ‘रॉबर्ट गॅल्ब्रेथ’ या नावाने लिहिलेली कादंबरी प्रत्यक्षात जे. के. रोलिंग या जगप्रसिद्ध लेखिकेची आहे, हे उघड झाले. संगणकाने दोन्हींकडची भाषा ताडून पाहिली आणि खात्रीला बळकटी आणली, हे खरे. पण गुपिताला पहिले भोक पडले ते तिच्या वकिलांच्या कचेरीतल्या एका भागीदाराने बायकोच्या मैत्रिणीजवळ केलेल्या गप्पांमुळे. मोट्यांच्या घरी असे घडले असते तर विभावरीबाईंचे काय झाले असते?

कोणी विचारील, की आडोशाला बसून शिव्या घालणारे, बायकामुलींना छळणारे, खोट्या बातम्या उठवणारे यांचे काय? त्यांना कशाला आडोसा? शंका रास्त आहे. पण जुन्या व्यवस्थेत तिचे उत्तर होते. राखणदाराला नाव माहीत असे आणि मजकूरही त्याने वाचलेला असे. जे छापण्याच्या लायकीचे नाही ते तो टोपलीत टाकी, आणि जे छापी त्याची जबाबदारी घेई. आजच्या वहीला नाव माहीत असते, मजकुराची लाज मात्र नसते. म्हणून सज्जनाला आडोसा मिळत नाही आणि दुर्जनाला तो फुकट मिळतो.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये लोकांच्या माहितीच्या रक्षणाचा कायदाही संसदेने केला. हे चांगलेच झाले. पण कायदा वहीला कुलूप घालील. मिटलेले ओठ तो कोठून आणणार?

तेव्हा तरुण मित्रांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. जगात कोणालाच ठाऊक नाही, असे निनावीपण आता जवळजवळ संपले, आणि ते पूर्वीही फारसे नव्हते. ज्याला ठाऊक आहे त्याने न सांगण्याचे निनावीपण मात्र अजून आपल्या हाती आहे. या दिवाळीत घरोघर फराळाची ताटे भरतील, माणसे जमतील, फोटो निघतील आणि क्षणात दूरदेशी जातील. त्या जमलेल्या माणसांत कोणी एक मुलगी असेल, जिने आपल्या मनातले काहीतरी तुम्हाला एकटीला गाठून सांगितले असेल. कोणी भाचा असेल, ज्याचे दुखणे तुम्हालाच ठाऊक असेल. फोन उचलण्यापूर्वी क्षणभर थांबावे. त्या नावाचे राखणदार तुम्हीच आहात.