एका फटक्याचे अंतर

बंगळूरच्या उत्तर अंगाला हेब्बाळ म्हणून एक जुने गाव आहे. शहराचा संस्थापक केंपेगौडा याने १५३७ साली तेथे तलाव बांधला, असे परंपरा सांगते. १६३८ मध्ये विजापूरकरांनी बंगळूर जिंकले आणि शहाजीराजांना जहागिरीत दिले, त्याच्याही आधीचे हे पाणी. आता गाव शहरात विरघळून गेले आहे. तलाव मात्र टिकून आहे, आणि त्याच्या काठाने उड्डाणपुलाचा रस्ता देवनहळ्ळीच्या विमानतळाकडे धावतो. २००८ साली तो विमानतळ सुरू झाल्यापासून परदेशी निघालेले कित्येक बंगळूरकर हेब्बाळवरूनच जातात. ज्या खेळाडूंचे वर्षातले बहुतेक दिवस परमुलखांतल्या हिरवळींवर जातात, त्यांच्या आयुष्यात या रस्त्याला बरेच स्थान असते. अशा खेळाडूंपैकीच एक म्हणजे अदिती अशोक.

शहरातील सगळ्याच तलावांना हेब्बाळचे भाग्य लाभले नाही. डोमलूरजवळचा चळ्ळघट्टा तलाव नाहीसा झाला आणि त्या जागी कर्नाटक गोल्फ असोसिएशनचे मैदान उभे राहिले. शेतकऱ्यांचे पाणी गेले आणि गवताची मखमल आली. या हिशेबात कोणाचे किती गेले, हा प्रश्न बंगळूरात अजून विचारला जातो, आणि तो विचारण्याजोगा आहेही. गोल्फ या शहरात आला तो मात्र याच्या पुष्कळ आधी. बंगळूर गोल्फ क्लब १८७६ सालचा. छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांचा तो विरंगुळा होता. एतद्देशीयांचा त्या हिरवळीशी संबंध बहुधा साहेबाच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहण्यापुरताच येई.

अदितीचा जन्म १९९८ चा. घरात गोल्फ खेळणारे कोणी नव्हते. गोल्फच्या सरावाच्या जागेसमोर एक उपाहारगृह होते. तेथे न्याहारीला गेले असता पाच-सहा वर्षांच्या या मुलीचे लक्ष पलीकडे चेंडू टोलवणाऱ्या लोकांकडे गेले, आणि आईवडील तिला घेऊन आत गेले. मुलीबरोबर वडीलही खेळ शिकले. पुढे स्पर्धांमध्ये तिच्या काठ्यांची पिशवी त्यांनीच वाहिली. हे काम करणाऱ्यास कॅडी म्हणतात. तो नुसता ओझे वाहत नाही; वारा कोणीकडचा, उतार किती, कोणती काठी घ्यावी, याचा सल्ला त्याला द्यावा लागतो. एकेकाळी चाकरीचे समजले गेलेले हे काम बापाने लेकीसाठी करावे, यात या खेळाच्या भारतीय इतिहासाचा एक सबंध फेरा पुरा झाला आहे.

ज्या श्रोत्यांना हा खेळ अपरिचित असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. गोल्फच्या एका फेरीत अठरा खळगे असतात, आणि चेंडू प्रत्येक खळग्यात कमीत कमी फटक्यांत घालायचा असतो. मैदानासाठी ठरलेल्या अपेक्षित फटक्यांच्या संख्येला पार म्हणतात. मोठ्या स्पर्धेत बहुधा चार दिवस चार फेऱ्या होतात आणि सर्व फटक्यांची बेरीज होते. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजयी. अडीचशे यार्डांचा टोला हा एक फटका, आणि वीतभर अंतरावरून चेंडू हलकेच ढकलणे हाही एकच फटका. अदितीचे सगळे यश या दुसऱ्या वाक्यात आहे. तिचे टोले लांब जात नाहीत. तिच्या बरोबरीच्या खेळाडू पुष्कळ पुढे चेंडू फेकतात. परंतु हिरवळीवर, खळग्यापाशी, तिचा हात क्वचितच चुकतो.

डिसेंबर २०१५ मध्ये, सतरा वर्षांची असताना, मोरोक्कोतील पात्रता स्पर्धा जिंकून तिने युरोपीय महिला टूरवर प्रवेश मिळवला, आणि लगेच व्यावसायिक झाली. २०१६ साली गोल्फ ११२ वर्षांनी ऑलिंपिकमध्ये परतला, तेव्हा रिओमध्ये ती वडिलांना कॅडी म्हणून घेऊन उतरली. पहिल्या दोन्ही फेऱ्या अडुसष्ट फटक्यांत संपवून ती आघाडीच्या खेळाडूंत होती. अखेर एकेचाळिसावी आली. त्याच नोव्हेंबरात गुडगावला तिने महिलांची इंडियन ओपन जिंकली. युरोपीय महिला टूरवर विजय मिळवणारी ती पहिली भारतीय. पाठोपाठ कतारची स्पर्धाही तिने जिंकली. पुढच्या वर्षी ती अमेरिकेच्या टूरवर दाखल झाली.

मग आला ७ ऑगस्ट २०२१ चा दिवस. टोकियो ऑलिंपिकच्या या शेवटच्या फेरीपूर्वी, जागतिक क्रमवारीत दोनशेव्या स्थानावर असलेली अदिती दुसऱ्या क्रमांकावर होती. थोड्याच दिवसांपूर्वी तिला कोरोना होऊन गेला होता आणि अंगातली ताकद अजून भरून आली नव्हती. या वेळी काठ्या आईने उचलल्या होत्या. वादळाच्या भीतीने खेळ पहाटेच सुरू करण्यात आला. फेरी पावसात वाहून गेली असती, तर तीन फेऱ्यांच्या हिशेबाने रौप्यपदक तिचेच होते. भारतात लोक अंधारातच उठून बसले होते. त्यांतील कित्येकांना पार म्हणजे काय हे आदल्या दिवशी ठाऊक नव्हते. शेवटच्या दिवशीही अदितीने अडुसष्ट फटके घेतले, म्हणजे पारपेक्षा तीन कमी. पण जपानच्या मोने इनामीने आणि न्यूझीलंडच्या लिडिया कोने पासष्ट घेतले. अमेरिकेच्या नेली कोर्डाचे सुवर्ण पारपेक्षा सतरा कमी फटक्यांवर, इनामी आणि को सोळावर, अदिती पंधरावर. चार दिवसांत २६९ फटके, आणि पदक एका फटक्याने गेले. त्याच सायंकाळी नीरज चोप्राने भालाफेकीत सुवर्ण मिळवले आणि देश त्या आनंदात बुडाला. ते स्वाभाविकच होते.

या एका फटक्याचे भारतीय गोल्फशी काही विचित्र नाते दिसते. पुण्यात जन्मलेला, लष्करी डॉक्टरांचा मुलगा अनिर्बान लाहिरी मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतील प्लेयर्स स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या कॅमरन स्मिथच्या मागे एकाच फटक्याने दुसरा आला. बक्षिसाची रक्कम एकवीस लाख डॉलरांहून अधिक होती. टोकियोतल्या चौथ्या स्थानाला अशी रक्कम नसते.

२०२३ च्या फेब्रुवारीत अदितीने केनियात नऊ फटक्यांच्या फरकाने विजय मिळवला. सप्टेंबरअखेर हांगचौच्या आशियाई स्पर्धेत तिसऱ्या फेरीत केवळ एकसष्ट फटके घेऊन ती सात फटक्यांनी पुढे गेली. सुवर्ण हाती आल्यासारखेच होते. शेवटच्या दिवशी तिला सत्त्याहत्तर फटके लागले आणि थायलंडची अर्पिचया युबोल सुवर्ण घेऊन गेली. आशियाई स्पर्धांत गोल्फचे पदक मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून अदितीच्या वाट्याला रौप्य आले. जिचा हात हिरवळीवर चुकत नाही म्हणून ख्याती, तिच्या हातून एका दिवसात हे व्हावे! तरीही त्याच नोव्हेंबरात स्पेनमधील स्पर्धा तिने जिंकली. २०२४ मध्ये पॅरिसला ती तिसऱ्यांदा ऑलिंपिकमध्ये उतरली आणि एकोणतिसाव्या स्थानावर राहिली. तेव्हा तिचे वय सव्वीस होते.