दहा आसनांचे दुकान

अनारशांचे तांदूळ भिजत पडले की मला आजी आठवते. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे, हे तिने आम्हां सर्वांना सांगितले होते. पण अनारसा जमे तो तिच्याच हातचा. आमचा कढईत पडताच हसे! यंदा तिची आठवण झाली ती टोकियोच्या एका सुशीवाल्याची हकीकत वाचताना.

सुशी म्हणजे कच्चा मासा, ही आपली समजूत अपुरी आहे. सुशीचा जीव भातात. पूर्वी जपानात खारवलेला मासा शिजलेल्या भातात महिनोन्‌महिने मुरवीत. भात आंबे, मासा टिके, आणि खाताना भात टाकून देत. पुढे आंबण्याची वाट न पाहता भातातच शिरका घालण्याची युक्ती निघाली. एदो, म्हणजे आजचे टोकियो, येथे १८२० च्या सुमारास भाताचा लहानसा मुटका वळून त्यावर माशाचा काप बसवण्याची रीत रूढ झाली. तिचे श्रेय हानाया योहेई याला देतात. गाडीपाशी उभ्याउभ्याच दोन घास खावे आणि कामाला लागावे, असे हे अन्न!

महायुद्धानंतर अन्नटंचाई आली. १९४७ साली खाणावळी बंद ठेवण्याचा हुकूम सुटला. टोकियोच्या सुशीवाल्यांनी तोड काढली. गिऱ्हाइकाने एक गो, म्हणजे १८० मिलिलिटर मापाचे तांदूळ आणावे आणि दहा सुशी घ्याव्या. गिरणीवाला दळून देतो, तसे आम्ही मजुरी घेऊन वळून देतो, असा त्यांचा युक्तिवाद. सरकारने तो मानला आणि धंदा तगला.

त्याच धंद्यात जिरो ओनो पुढे आले. जन्म १९२५ चा. सातव्या वर्षीच ते गावातल्या खाणावळीत राबू लागले. परत फिरायला घर नाही, हे लहान वयातच कानांवर पडलेले. मग टोकियोत उमेदवारी केली, १९५१ साली ते सुशीचे कारागीर झाले आणि १९६५ साली गिंझा भागात एका इमारतीच्या तळघरात त्यांनी स्वतःचे दुकान मांडले. फळीसमोर एका ओळीत दहा आसने, बस्स.

त्यांच्यावर २०११ साली एक चित्रपट निघाला. त्यात या विद्येचे मोल दिसते. शिकायला दहा वर्षे. आधी कढत पंचे पिळायचे, मग मासा हाती यायचा. ऑक्टोपस मऊ व्हावा म्हणून तो पाऊणएक तास चोळायचा. भात अंगाच्या उबेइतकाच कोमट हवा. एका शिष्याने अंड्याची पोळी दोनशेंहून अधिक वेळा केली, तेव्हा कुठे ती गुरूंच्या पसंतीस उतरली. आणि पसंतीस उतरताच तो रडला!

२००७ साली मिशेलिनने या तळघराला आपले सर्वोच्च तीन तारे दिले. २०१९ साली नाव यादीतून गेले, तेही चव बिघडली म्हणून नव्हे. सर्वसाधारण लोकांची आगाऊ नोंदणी तेथे घेतली जात नव्हती, म्हणून. गाडीवरचे खाणे किती दूर येऊन पोहोचले, पाहा.

पण मला चटका लावून गेली ती निराळीच गोष्ट. ओनो पहाटे घराबाहेर पडत, रात्री उशिरा परतत. एकदा रविवारी ते घरी झोपलेले पाहून त्यांच्या लहानग्याने आईला सांगितले, की घरात कुणी परका माणूस झोपला आहे. हा मुलगा पुढे बापाशेजारी उभा राहून तीच विद्या शिकला, हे खरे. तरी त्या रविवारची भरपाई कोणी करायची?

हातातली विद्या लोक वाखाणतात. तिची किंमत मात्र घर देते. कधी हात ज्याचा, तोच देतो. आजी कढईपाशी बसून असे आणि आम्ही अनारसे घेऊन अंगणात पळत असू. ती आमच्याबरोबर बसून फराळ करते आहे, असे एकही चित्र मला आठवत नाही.